बावीस मिनिटांत चव्वेचाळीस प्रश्न!

बालमित्रांनो, एक घड्याळ जवळ घ्या. सेकंदकाटा असलेलं हवं. घरात तसं नसेल तर ताईला नाहीतर दादाला मोबाईलवर वेळ लावायला सांगा. आता खालचा छोटासा परिच्छेद वाचायचा आणि त्याखाली जी तीन विधानं दिली आहेत, त्यांच्यापुढे ‘बरोबर’, ‘चूक’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक उत्तर लिहायचं. वेळ फक्त दीड मिनिट. तयार? चला!

‘आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्यांनी १८८६ साली एम.डी. ही पदवी मिळवली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्याला त्यांचं निधन झालं.’

विधान पहिलं: आनंदीबाईंनी एम.डी. ही पदवी भारतात मिळवली.
विधान दुसरं: कोल्हापूरच्या रुग्णालयात आनंदीबाईंनी रुग्ण तपासले.
विधान तिसरं: पदवी मिळाल्यावर वर्षभराच्या आत आनंदीबाईंचं निधन झालं.

झालं लिहून? पहिलं विधान ‘चूक’, हे सगळ्यांनाच जमलं असेल. दुसऱ्याचं उत्तर काय लिहिलंत? ‘बरोबर’? की ‘चूक’? दोन्ही नाही! उत्तर आहे ‘सांगता येत नाही’. परिच्छेदात नेमणूक झाली एवढंच लिहिलंय. त्या कामावर हजर झाल्या की नाही, याबद्दल एक अक्षरही नाही. आणि तिसरं? आनंदीबाईंना पदवी मिळाली ती मार्च १८८६ मध्ये, म्हणजे विधान खरं तर बरोबर आहे. पण मार्च महिना परिच्छेदात कुठे आहे? तो मी आत्ता सांगितला. परिच्छेदात नुसतं ‘१८८६’ आहे. पदवी जानेवारीत मिळाली असती तर वर्ष उलटून गेलं असतं. म्हणून तिसऱ्याचंही उत्तर ‘सांगता येत नाही’.

काय, चक्रावलात ना? आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मी हा परिच्छेद वाचून दाखवला, तेव्हा गंमतच झाली. ज्यांचा इतिहास पक्का, नेमके तेच फसले! त्यांनी डोक्यातली माहिती वापरली. इथे डोक्यातली माहिती बाजूला ठेवायची असते आणि समोर जे लिहिलंय तेवढंच खरं धरायचं असतं.

हा खेळ मी उगाच मांडलेला नाही. अशा प्रश्नांवर एका देशात, डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींची निवड ठरते.

ही परीक्षा कुठली?

तुमच्यातल्या ज्यांनी शिष्यवृत्ती परीक्षा दिली असेल, त्यांना ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा शब्द नवा नाही. मालिका पूर्ण करा, वेगळा शब्द ओळखा, आरशातली आकृती शोधा, असे ते प्रश्न. तिचीच मोठी बहीण म्हणजे ‘अभियोग्यता चाचणी’. तुम्हाला किती येतं हे ती विचारत नाही. एखाद्या कामासाठी लागणारा विचार तुम्हाला करता येतो का, हे ती पाहते. आम्हा शिक्षकांनाही ती चुकलेली नाही बरं का! २०१७ सालापासून महाराष्ट्रात शिक्षक व्हायचं तर ‘शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी’ द्यावी लागते. २०० प्रश्न आणि १२० मिनिटं! त्यामुळे घड्याळ अंगावर धावून येतं म्हणजे काय, हे मी चांगलं अनुभवलंय.

डॉक्टरीसाठी अशी चाचणी घ्यायची कल्पना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली. १९२० च्या दशकात तिथल्या काही वैद्यकीय कॉलेजांत गळती भयंकर वाढली होती. मुलं प्रवेश घ्यायची, पण झेपत नाही म्हणून मधेच सोडून जायची. तेव्हा फ्रेड मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांना घेऊन १९२८ साली एक चाचणी तयार केली. वाचलेलं किती समजतं, पाहिलेलं किती लक्षात राहतं, तर्क करता येतो का, असं त्यात तपासलं जायचं. त्याच चाचणीत बदल होत होत आजची अमेरिकेतली ‘एमकॅट’ परीक्षा झाली.

मी मात्र आज सांगणार आहे ती ब्रिटनमधल्या ‘यूकॅट’बद्दल. ही परीक्षा २००६ साली ‘यूकेकॅट’ या नावाने सुरू झाली आणि २०१९ पासून ती ‘यूकॅट’ झाली. तिथल्या जवळजवळ सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांत बारावीनंतर लगेच प्रवेश हवा असेल तर ती द्यावी लागते. वय साधारण सतरा. इंग्लंडात जन्मलेली, वाढलेली कितीतरी मराठी मुलं दरवर्षी तिला बसतात. माझ्या मामेबहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, २०२५ साली बसली. त्यामुळे सहा आठवडे आमच्या घरातल्या प्रत्येक फोनवर हाच विषय होता.

परीक्षा संगणकावर. चार भाग. २०२५ सालचा हिशेब असा: उतारे वाचून उत्तरं देण्याचे ४४ प्रश्न २२ मिनिटांत, तर्क आणि निर्णयाचे ३५ प्रश्न ३७ मिनिटांत, गणिताचे ३६ प्रश्न २६ मिनिटांत आणि शेवटी वागणुकीचे ६९ प्रश्न २६ मिनिटांत. (त्याआधी आकृत्यांचाही एक भाग असायचा, तो २०२५ पासून काढून टाकला.) म्हणजे दोन तासांच्या आत एकूण १८४ प्रश्न. एकदा सुरू झालं की घड्याळ थांबत नाही. त्या वर्षाच्या प्रवेशासाठी परीक्षा एकदाच देता येते. दुसरी संधी थेट पुढच्या वर्षी.

वर तुम्हाला मी तीन विधानांना दीड मिनिट दिलं ते उगाच नाही. पहिल्या भागात एका प्रश्नाच्या वाट्याला बरोबर अर्धं मिनिट येतं, आणि त्यातच उताराही वाचायचा! उतारेसुद्धा दोनशे-तीनशे शब्दांचे.

आता कुणी म्हणेल, आनंदीबाईंच्या परिच्छेदाचा आणि डॉक्टरीचा काय संबंध? अरे, आहे तर! समजा एक आजोबा दवाखान्यात आले आणि म्हणाले, “परवापासून पोट दुखतंय.” मागचे दहा रुग्ण शिळं खाऊन आले होते, म्हणून डॉक्टरांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं, की यांनीही शिळंच खाल्लं असणार. आजोबांनी तसं सांगितलंय का? नाही. ते ‘सांगता येत नाही’ या खणात आहे. डॉक्टरांनी विचारायला हवं.

तर्क आणि चहा-दूध

दुसरा भाग माझ्या आवडीचा. एक नमुना पाहा.

‘शाळेतल्या सगळ्या स्काऊटना पोहता येतं. पोहता येणाऱ्यांपैकी काहींना सायकल येत नाही.’ मग काही स्काऊटना सायकल येत नाही, असं नक्की म्हणता येईल का?

पटकन ‘हो’ म्हणावंसं वाटतं ना? थांबा. कागदावर एक मोठं वर्तुळ काढा, ते पोहणाऱ्यांचं. त्याच्या आत एक छोटं वर्तुळ स्काऊटचं. आता सायकल न येणारी मुलं मोठ्या वर्तुळात कुठेतरी आहेत खरी, पण ती छोट्या वर्तुळात असतीलच असं कुणी सांगितलं? कदाचित त्या सगळ्या स्काऊटमध्ये नसलेल्या मुली असतील. तेव्हा उत्तर ‘नाही’.

वर्तुळांचं अजून एक गणित तुमच्यासाठी ठेवते. एका वर्गात ४० मुलं. २२ जण सकाळी दूध पितात, १७ जण चहा पितात. ६ जण (लबाड!) दोन्ही पितात. दोन्हींपैकी काहीच न पिणारे किती? उत्तर लेखाच्या शेवटी आहे. आधी बघायचं नाही.

औषधाचं गणित

गणिताचा भाग ऐकून घाबरू नका. त्यात लागतं ते टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर, वेग, मापं. तुमच्या शाळेतलंच गणित. संगणकाच्या पडद्यावर गणकयंत्रही असतं. अडचण एकच, एका प्रश्नाला ४३ सेकंद. हे करून बघा:

एका काल्पनिक औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध आहे. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचं आहे. मुलाचं वजन १६ किलो. एका वेळेला किती मिलिलिटर द्यायचं? दिवसातून तीनदा दिलं तर ६० मिलिलिटरची बाटली किती दिवस पुरेल?

१६ गुणिले १५ म्हणजे २४० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२०, म्हणजे २४० साठी १० मिलिलिटर. दिवसाला ३० मिलिलिटर, बाटली दोन दिवस. सोपं आहे की नाही? पण घाईत एखाद्याने शून्य जास्त दिलं तर १०० मिलिलिटर उत्तर येईल! म्हणजे एका वेळेला दीड बाटलीहून जास्त औषध! असं उत्तर आलं की मनात घंटा वाजली पाहिजे: एवढं कुणी पाजतं का? ही घंटा वाजणं फार महत्त्वाचं. वहीतलं शून्य चुकलं तर लाल रेघ पडते. दवाखान्यातलं चुकलं तर एका लहान मुलाच्या पोटात दहापट औषध जातं. (आणि हो, हे औषध काल्पनिक आहे म्हटलं ना? घरातल्या बाटलीवर हे गणित करून बघायचं नाही. औषध डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.)

माझ्या वर्गात मी गणित सोडवण्याआधी उत्तराचा अंदाज सांगायला लावते. ‘दहाच्या आसपास, शंभरच्या आसपास, की हजारच्या?’ पोरं सुरुवातीला कंटाळतात. पण पंधरा दिवसांत त्यांच्या मनात घंटा वाजायला लागते.

पाठ न होणारा भाग

शेवटचा भाग सगळ्यात निराळा. यात एक प्रसंग देतात आणि तुम्ही काय कराल, ते किती योग्य, हे विचारतात. प्रत्येक वागण्याला चारांपैकी एक शेरा द्यायचा: अतिशय योग्य, योग्य, पण आदर्श नाही, अयोग्य, पण भयंकर नाही, अतिशय अयोग्य.

भाचीची तयारी चालली होती तेव्हा तिची आजी, म्हणजे माझी मामी, तिच्याकडे राहायला गेली होती. भाची एकेक प्रसंग मराठीत करून आजीला वाचून दाखवायची आणि आजीचं मत विचारायची. त्यातला एक प्रसंग साधारण असा होता.

तू वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाला आहेस. वॉर्डात एक मोठे, नावाजलेले डॉक्टर रुग्णांना तपासत आहेत. एका रुग्णाला तपासून ते हात न धुताच दुसऱ्याकडे निघाले. तू काय करशील?

मामी फोनवर मला सांगत होती, “अगं, ही म्हणते, जाऊन डॉक्टरांना सांगायचं! एवढ्या मोठ्या डॉक्टरांना कालच्या पोरीनं सांगायचं? आमच्या वेळी असं बोललो असतो तर काय झालं असतं!”

मामीचं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. आपल्या घरांत, शाळांत आपण मुलांना हेच तर शिकवतो, की मोठ्यांना उलट बोलू नये, मोठे बोलत असताना मधे तोंड घालू नये. ते वळण चांगलं आहे. पण या प्रसंगात डॉक्टर आणि विद्यार्थिनी अशी दोनच माणसं नाहीत, तिसरंही एक माणूस आहे, दुसऱ्या खाटेवर. भाचीने मामीला तेवढंच विचारलं, “आजी, त्या खाटेवर तू असशील तर?”

मामी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तर मग सांग. पण नीट सांग.”

बघा, परीक्षेला हवं असलेलं उत्तर मामीने दोन वाक्यांत दिलं! डॉक्टरांजवळ जाऊन हळूच “सर, हात धुवायची सोय इकडे आहे” असं म्हणणं, हे अतिशय योग्य. रुग्णही वाचला, डॉक्टरांचा मानही राहिला. ‘मी साधी विद्यार्थिनी, मला काय करायचंय’ म्हणून गप्प राहणं अतिशय अयोग्य. आणि सगळा वॉर्ड ऐकेल असं ओरडून सांगणं? रुग्ण वाचेल, पण वॉर्डातल्या साऱ्या रुग्णांचा डॉक्टरांवरचा विश्वास डळमळेल. फेरी संपल्यावर एकांतात सांगणं? सभ्यपणाचं आहे, पण दुसऱ्या रुग्णाला त्याचा काही उपयोग नाही. शेवटच्या दोन्हींना नेमका कोणता शेरा द्यावा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. परीक्षेत बरोबर उत्तराच्या जवळचा शेरा दिला तरी थोडे गुण मिळतात, हे त्यातल्या त्यात बरं!

हात धुण्याची गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटेल. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तिथे बाळंतिणी तापाने भराभर दगावत होत्या. शवविच्छेदन करून डॉक्टर आणि विद्यार्थी थेट बाळंतिणींना तपासायला येतात, हे सेमेलवाइसनी हेरलं. त्यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्या काळच्या कितीतरी नामांकित डॉक्टरांना ते पटलं नाही. आमच्या हातांमुळे रुग्ण मरतात असं कसं म्हणता, असा त्यांचा राग! मोठ्या माणसाला हात धुवायला सांगणं तेव्हाही सोपं नव्हतं.

या भागाची तयारी करायची कशी? पाठांतराने ती होत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंद ठेवणारी जनरल मेडिकल कौन्सिल नावाची संस्था आहे. चांगल्या डॉक्टराने कसं वागावं याची एक पुस्तिका ती काढते. तिची ताजी आवृत्ती ३० जानेवारी २०२४ पासून लागू झाली. ती पुस्तिका वाचावी, असं परीक्षा घेणारेच सुचवतात. भाचीने ती वाचली. पण तिला खरा उपयोग झाला तो आजीशी वाद घालण्याचा, असं ती म्हणते.

आता तुमच्यासाठी एक प्रसंग. तुम्ही आणि तुमची मैत्रीण वैद्यकीय कॉलेजात शिकता. दोघी बसने घरी निघाला आहात. मैत्रीण सकाळी पाहिलेल्या एका रुग्णाचा आजार, त्याचं गाव, त्याचा धंदा, सगळं रंगवून सांगते आहे. नाव मात्र घेत नाही. बस खच्चून भरलेली आहे. अशा वेळी ‘नाव तर घेतलं नाही ना’ म्हणून ऐकत राहणं कितपत योग्य? घरी आईला, आजीला विचारा आणि मग शेवटचं उत्तर बघा.

सहा आठवडे

भाचीने जूनच्या मध्यावर सुरुवात केली. जुलैच्या शेवटी परीक्षा होती. पहिला आठवडाभर तिने घड्याळ लावलंच नाही. प्रश्न कसे असतात, ते कुठे फसवतात, हे शांतपणे पाहिलं. घाई करणारे इथेच चुकतात. ते पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून बसतात आणि चुकीच्याच पद्धतीने भरभर सोडवायला शिकतात.

दुसऱ्या आठवड्यापासून चुकांची वही. ही वही तुम्ही आजपासून, कुठल्याही विषयाला करू शकता. प्रश्न चुकला की नुसतं बरोबर उत्तर लिहायचं नाही. का चुकला ते लिहायचं: येतच नव्हतं, की नीट वाचलं नाही, की वेळ संपत आला म्हणून अंदाज मारला? महिन्याभराने भाचीने मोजदाद केली, तर ‘येत नव्हतं’ अगदी थोडे निघाले. बहुतेक चुका वाचनाच्या. ‘काही’ हा शब्द तिने ‘सगळे’ असा वाचलेला, ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटलेला.

तिसरी गोष्ट शिकली ती सोडून देण्याची. हुशार मुलांना हे फार जड जातं. प्रश्न अडला की ती त्याच्याशी झुंजत बसतात, आणि पलीकडे पाच सोपे प्रश्न तसेच राहतात. यूकॅटमध्ये अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं आणि त्या भागाची वेळ उरली तर परत येता येतं. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे पुढे जाण्याआधी अंदाजाने का होईना, एक उत्तर नोंदवून ठेवायचं. कोरं काही सोडायचं नाही.

रोज दीड-दोन तास, त्याहून जास्त नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत पूर्ण सराव परीक्षा, तीही सकाळी, परीक्षेच्या वेळेलाच, मधे न उठता. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट आहेत. बहुतेक सराव तिने त्यांच्यावरच केला. निकाल चोवीस तासांच्या आत येतो. पहिल्या तीन भागांचे प्रत्येकी ३०० ते ९०० असे गुण, आणि चौथ्या भागाला चार श्रेणींपैकी एक श्रेणी. तेवढ्याने प्रवेश पक्का होत नाही. शाळेचे गुण आणि मुलाखत पुढे असतेच. प्रत्येक महाविद्यालय आपापल्या पद्धतीने हे सगळं तोलतं.

तिला किती मिळाले? ते मी छापणार नाही. तिने मला तशी शपथ घातली आहे!

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं तर ‘नीट’ द्यावी लागते हे तुम्हाला माहीतच आहे. २०२५ साली नीटमध्ये १८० प्रश्न होते, १८० मिनिटं: जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण वजा. प्रश्नपत्रिका तेरा भाषांत होती, त्यात मराठीही. ही परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासाची, म्हणजे ज्ञानाची आहे. पूर्वी दिल्लीच्या एम्सची वेगळी प्रवेश परीक्षा असायची. २०१८ साली तिच्या २०० प्रश्नांत अभियोग्यता आणि तर्काचे १० प्रश्न होते. २०२० पासून ती परीक्षा नीटमध्येच विलीन झाली.

मग यूकॅटसारखी तयारी आपल्या काय कामाची? ‘नीट’ला बसलेल्या कुठल्याही ताईला, दादाला विचारून पाहा. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ यातला ‘अयोग्य’ न दिसल्यामुळे किती गुण गेले ते ते सांगतील. मात्र एक सवय इकडची तिकडे नेऊ नका. तिकडे कोरं सोडायचं नाही, इकडे चुकीला गुण जातो, म्हणून ‘बघू लागलं तर’ असं म्हणून गोळे काळे करत सुटायचं नाही.

आईबाबांशी दोन शब्द

हा भाग मुलांनी वाचला तरी चालेल.

आमच्या चौथीच्या पालकसभेत हल्ली मला विचारतात, “बाई, डॉक्टरकीसाठी आतापासून कुठला क्लास लावू?” मी तरी नऊ वर्षांच्या मुलाला असा क्लास लावणार नाही. त्याच पैशात वर्षभर गोष्टींची पुस्तकं आणि एखादं मुलांचं मासिक येतं. ते मूल संध्याकाळी एक पान मोठ्याने वाचेल आणि तुम्ही त्याला विचाराल, “हे यात लिहिलंय, की तुला वाटतंय?” एवढा एकच प्रश्न. स्वयंपाक करता करता विचारता येतो.

२०२५ साली नीटसाठी २२ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. हा हिशेब मुलाला नाही, पण आपल्याला माहीत असायला हवा. ज्यांना जागा मिळत नाही ती मुलं मठ्ठ नसतात. जागा कमी असतात. हे वाक्य निकालाच्या दिवशी घरात कुणीतरी मोठ्याने म्हणायला लागतं. तेव्हा आठवत नाही, म्हणून आत्ता सांगून ठेवते.

उत्तरं

चहा-दूध: २२ आणि १७ मिळून ३९. पण दोन्ही पिणारे ६ जण दोनदा मोजले गेले. ते एकदा वजा केले की ३३. ४० मधून ३३ गेले, उरले ७. तुमचं उत्तर १ आलं असेल तर तुम्ही सहा वजा करायला विसरलात.

बसमधला प्रसंग: ऐकत राहणं अतिशय अयोग्य. नाव घेतलं नाही तरी गाव आणि धंदा कळला की ओळखणारे ओळखतात, आणि त्या रुग्णाच्या गावचं कुणी त्याच बसमध्ये पुढच्या बाकावर बसलेलं असू शकतं. मैत्रिणीच्या कानाशी लागून “हे घरी गेल्यावर बोलू या का?” असं म्हणणं बरं वाटतं, नाही? पण त्याला मी ‘योग्य, पण आदर्श नाही’ असाच शेरा देईन. घरी तरी का बोलायचं?